प्रार्थना आणि पथ्य

परीक्षा जवळ आली म्हणजे देवाचे स्मरण वाढते, हा अनुभव सर्व धर्मांच्या घरी सारखाच आहे. त्या दिवसांत आमच्या परळी नगरीत वैद्यनाथाच्या पायऱ्या चढणाऱ्यांत दप्तरे घेतलेली मुले दिसतात, मशिदीत दुवा मागितली जाते, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनामंदिरांतही मेणबत्त्या अधिक जळतात. निकाल लागला की ही गर्दी ओसरते. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण ज्याने केली त्यास मनुष्यस्वभावाची पारख उत्तम होती. ज्या नगरीने देवास वैद्यांचा नाथ म्हणून ओळखले, त्या नगरीतील विद्यार्थ्यांनी व पालकांनी तरी या म्हणीचा विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रार्थनेविषयी दोन टोकांची मते आमच्या कानी नेहमी येतात. एक पक्ष म्हणतो, प्रार्थना हा दुबळ्यांचा विरंगुळा होय. जे घडावयाचे ते कारणांनी घडते, हात जोडल्याने नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, सर्व काही देवावर सोपवावे आणि स्वस्थ असावे. चिंता करणे हीच अश्रद्धा. आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे दोन चेहरे आहेत. प्रार्थना म्हणजे केवळ मागणे, असे दोघेही धरून चालतात. एक म्हणतो मागून मिळत नाही, दुसरा म्हणतो मागितले की काम संपले. परंतु वैद्याकडे जाणारा शहाणा रोगी केवळ औषध मागून घरी येत नाही. तो पथ्यही विचारतो, आणि ते पाळतो. प्रार्थनेचेही पथ्य असते. ते न पाळता गुण येत नाही म्हणून वैद्यास बोल लावणे न्यायाचे नव्हे.

हे पथ्य कोणते, ते प्रभू येशूने आपल्या शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेतच सापडते. जगभरचे कॅथोलिक लोक ही प्रार्थना रोज म्हणतात. तिच्यातील भाकरीच्या मागणीकडे लक्ष द्यावे. तेथे वर्षाचे धान्य मागितलेले नाही. आजच्या दिवसापुरती भाकर मागितली आहे. आणि ती 'मला' दे असेही म्हटलेले नाही. मागणारा 'आम्ही' या शब्दाने मागतो. पहिल्या गोष्टीत विश्वास आहे, दुसऱ्या गोष्टीत कर्तव्य आहे. उद्याचे ओझे आज डोक्यावर घेऊ नये, हा विश्वास. आणि माझ्या ताटात भाकर पडली, शेजाऱ्याच्या ताटात पडली नाही, तर माझी प्रार्थना अर्धीच पुरी झाली, हे कर्तव्य.

आकाशातील पाखरांचा दाखला देऊन प्रभूने चिंता सोडावयास सांगितले, हे सर्वांस ठाऊक आहे. आळशी विद्यार्थ्यांस तो दाखला फार आवडतो! परंतु त्यांनी आमच्या बालाघाटाच्या रानातील सुगरण पाखरू पाहिले आहे काय? ते कोठार बांधत नाही हे खरे. परंतु उजाडले की दाण्यासाठी बाहेर पडते, आणि घरट्यासाठी एकेक काडी चोचीने आणून विणते. देव पाखरांस चारतो, पण दाणा घरट्यात आणून टाकीत नाही. पाखरू चिंता करीत नाही. कष्ट मात्र करते. चिंता आणि कष्ट यांतला हा भेद ज्यास उमगला, त्यास श्रद्धेचे अर्धे मर्म उमगले.

कॅथोलिक परंपरेत शेतकऱ्यांचा कैवारी मानलेला संत इसिदोर हा स्पेनमधील माद्रिद येथला, बाराव्या शतकातला एक साधा शेतमजूर होता. तो कामापूर्वी मिस्सेस जातो म्हणून सोबत्यांनी धन्याकडे कागाळी केली. धनी पाहावयास आला, तो इसिदोराच्या बाजूस देवदूत नांगर हाकताना त्यास दिसले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा अर्थ शब्दशः घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. तिचे तात्पर्य इतकेच की, प्रार्थनेस दिलेला वेळ कामातून चोरलेला नसतो. १२ मार्च १६२२ रोजी रोम येथे या मजुरास संतपद देण्यात आले, तेव्हा त्याच दिवशी तो मान मिळालेल्यांत गोव्यात ज्यांचे शव जतन केलेले आहे ते संत फ्रान्सिस झेवियर होते. एक देशोदेशी फिरलेला विद्वान धर्मगुरू, दुसरा नांगरामागे चालणारा गडी. धर्मसभेने दोघांस एका पंक्तीस बसविले.

तशीच गोष्ट पॅरिस येथील कार्मेलाइट मठातल्या बंधू लॉरेन्स यांची. ते १६९१ साली वारले. मठात त्यांच्याकडे बरीच वर्षे स्वयंपाकघर होते. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाच्या सान्निध्यात आहो, ही जाणीव ते जपत. आमच्या माताभगिनींस हे नवे वाटणार नाही. जात्यावर बसून देवाचे नाव घेणाऱ्या बायकांची परंपरा महाराष्ट्रात शतकानुशतके चालत आली आहे.

प्रार्थना रोजच्या जीवनात मुरावयाची तर ती घरच्या भाषेत हवी, हेही येथे सांगितले पाहिजे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. तेथील नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची आवड जाणून त्यांनी मराठीत, ओवीबद्ध असे 'क्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परक्या देशातून आलेल्या मनुष्याने आमच्या ओवीत बसून देवाविषयी बोलावे, आणि आम्ही मात्र घोकलेले शब्द अर्थ न कळता पुटपुटावे, हे शोभत नाही. एकच वाक्य असो, पण ते आपले असावे.

आता कठीण प्रश्नाकडे वळू. हा प्रदेश अवर्षणाचा आहे. पावसासाठी येथे सर्वच देवस्थानांत हात जोडले जातात, आणि तरीही पुष्कळ वेळा आभाळ कोरडे राहते. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे सर्व संच पाण्याअभावी बंद पडले होते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर नगरीची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. मग त्या वेळी केलेल्या प्रार्थना वाया गेल्या काय?

आमचे मत असे की, त्या गाडीकडे नीट पाहावे. राजस्थानातील कोटा येथे वाघिणी स्वच्छ करणारे कामगार, मिरजेस नळ जोडणारे, गाडी हाकणारे, लातुरास पाणी उतरवून घेणारे — यांपैकी कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदू, कोणी मुसलमान असतील. 'आम्हांस भाकर दे' या अनेकवचनाचे उत्तर असेच अनेक हातांनी येते. आकाशातून आले तेवढेच देवाचे, आणि मनुष्याच्या हातून आले ते देवाचे नव्हे, असे कोणी सांगितले? परंतु येथेच पथ्याचाही प्रश्न उभा राहतो. पाऊस मागावयाचा, आणि पडलेला पाऊस ओढ्याने वाहून जाऊ द्यावयाचा. विहिरीस पाणी मागावयाचे, आणि शेजाऱ्याच्या विहिरीहून खोल विंधण घेण्याची चढाओढ लावावयाची. ही प्रार्थना नव्हे, हा कुपथ्याचा हट्ट आहे. बांध घालणारा आणि पाणी मोजून वापरणारा मनुष्य हात न जोडताही प्रार्थनेचा अर्धा भाग पुरा करतो.

वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण आम्हांस याच कारणासाठी मोलाचे वाटते. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले, आणि वसईची हिरवळ व पाणी यांच्या रक्षणासाठी चळवळीतही ते उतरले. जानेवारी २०२० मध्ये, तेव्हा उस्मानाबाद म्हणविणाऱ्या धाराशिव येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. २०२४ साली ते निवर्तले. देवळातील प्रार्थना आणि गावाचे पाणी ही दोन वेगळी खाती आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही.

तथापि पथ्य पाळूनही गुण न येण्याचे प्रसंग असतात, हे आम्ही लपवीत नाही. गेथशेमनीच्या बागेत प्रत्यक्ष प्रभूने दुःखाचा पेला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. म्हणून ज्याची प्रार्थना फळास आली नाही त्याची श्रद्धा उणी होती, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. आमच्या जिल्ह्यात कर्जाने व नापिकीने खचून कित्येक शेतकऱ्यांनी आपला जीव दिला. त्यांच्या घरच्या मुलांनी हा लेख वाचला, तर त्यांनी एवढे निश्चित समजावे की, धर्मसभा त्यांच्या वडिलांचा निवाडा करीत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात जीवन हे देवाचे दान म्हटले आहे, आणि तीव्र मनोव्यथेने मनुष्याची जबाबदारी कमी होते हेही सांगितले आहे. अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असेच तेथे शिकविले आहे. खरा प्रश्न मृताला नव्हे, आम्हांला विचारला पाहिजे. तो मनुष्य एकटा पडला, तेव्हा रोज 'आम्ही' म्हणणारे आपण सर्व कोठे होतो? ज्याच्या मनावर असे ओझे असेल त्याने ते झाकून न ठेवता आईवडील, शिक्षक वा वैद्य यांजपाशी बोलावे. बोलणे हीही प्रार्थनाच होय.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या आवाक्यातील एक पथ्य सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. त्यांच्या मुलांचे नाव कोणत्याच मोजणीत नसते. कित्येक मुले फडावरच्या कोपीत जातात, कित्येक आजीआजोबांजवळ राहतात. कॅथोलिक लोक ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना मानतात, आणि वर्गातली बाके रिकामी होऊ लागतात तीही साधारण त्याच सुमारास. अशा सोबत्यासाठी देवाजवळ जरूर मागा. पण त्याच्यासाठी वहीही उतरवून ठेवा, आणि तो परत आला म्हणजे त्याला मागच्या बाकावर एकटा बसू देऊ नका. तुमच्या एका वहीने त्याचे वर्ष वाचू शकते.

पालकहो, आपणांसही एक विनंती. मुलाच्या गुणांसाठी नवस बोलून त्याच्या मानेवर आणखी एक ओझे ठेवू नये. त्यापेक्षा तिन्हीसांजेस दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. ज्या देवास आपण मानता त्याचे नाव घ्यावे. दिवसभरात काय चांगले घडले, काय चुकले, आणि कोणास आपली गरज आहे, या तीन गोष्टी आठवाव्यात. संत इग्नेशियस यांनी शिकविलेल्या रोजच्या विवेकपरीक्षणाचेही सार थोडेबहुत हेच आहे. यास खर्च नाही, मुहूर्त नाही.

मागावे, पण आजचे मागावे. मागावे, पण सर्वांसाठी मागावे. आणि मागून उठल्यावर हातांस काम द्यावे. असे जो करील तो निकाल लागल्यावरही वैद्यास विसरणार नाही, आणि निकाल मनासारखा न लागला तरी वैद्यावर रुसणार नाही. ईश्वर आमच्या विद्यार्थ्यांस असा विश्वास आणि असे हात देवो.