खासदार हरवलेली निवडणूक

लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवाराचा मतदारसंघातला प्रचार लक्ष देऊन ऐकला, तर त्यात दोनच विषय सापडतात. हातात माइक असताना उमेदवार सांगतो, की मला मत म्हणजे दिल्लीतल्या आमच्या नेत्याला मत. माइक ठेवून लोकांत मिसळला, की गटार, हायमास्ट दिवा आणि सभामंडप यांची आश्वासने देतो. पहिल्या विषयात तो स्वतः कुठे नसतो आणि दुसरा विषय त्याच्या अखत्यारीतला नसतो. कायदे करणे, अंदाजपत्रक तपासणे, आयात-निर्यातीपासून रेल्वेपर्यंतच्या धोरणांवर सरकारला जाब विचारणे हे खासदाराचे काम. त्याबद्दल ना उमेदवार बोलतो, ना आपण विचारतो. ज्या कामासाठी माणूस निवडायचा त्या कामाचा निवडणुकीत उच्चारच होत नसेल, तर पाच वर्षांनी त्याचा हिशेब मागणार कशाच्या आधारावर?

ग्रामीण भागातली कुठलीही प्रचारफेरी घ्या. उघडी जीप वेशीपाशी थांबते, हलगी वाजू लागते, बायका औक्षण करतात, ग्रामदैवताला नारळ फुटतो आणि पारावर कोपरा सभा होते. भाषण दहा मिनिटांचे. खरी बैठक त्यानंतर सरपंचाच्या किंवा सोसायटीच्या चेअरमनच्या घरी चहा-पोह्यांवर रंगते. तिथे लेटरहेडवरचे निवेदन पुढे येते: बंदिस्त गटार, पाणंद रस्त्याचे खडीकरण, स्मशानभूमीला शेड, तालमीला साहित्य, मंदिरापुढे सभामंडप. स्वीय सहायक डायरीत टिपून घेतो आणि उमेदवार ‘करून टाकू’ म्हणत उठतो. शहरात पाराऐवजी गृहसंकुलाचे क्लब हाउस असते आणि निवेदनात पेव्हर ब्लॉक, सीसीटीव्ही, ड्रेनेज लाइन असतात. बाकी कार्यक्रम तोच.

या मागण्या खऱ्या आहेत, पण त्या ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्याकडे करायच्या आहेत. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी त्यासाठीच या संस्थांना घटनात्मक आधार दिला. महाराष्ट्राने मात्र मधल्या काळात हा पायाच काढून घेतला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक आला. राज्यातल्या इतर महापालिका आणि बहुतेक जिल्हा परिषदांची गतही तीच झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा या निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे २०२४ ची लोकसभा निवडणूक झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी ना नगरसेवक होता, ना जिल्हा परिषद सदस्य. दारात येणारा पहिला लोकप्रतिनिधी म्हणजे लोकसभेचा उमेदवार. तुंबलेल्या गटाराची तक्रार त्याच्याकडेच जाणार, यात लोकांचा काय दोष?

दोष आहे तो ‘करून टाकू’ म्हणणाऱ्याचा, कारण त्याला आकडे ठाऊक असतात. खासदाराला स्थानिक विकास निधी मिळतो वर्षाला ५ कोटी रुपये. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ८३ लाखांच्या आसपास. इकडे आमदाराचा निधी एका विधानसभा मतदारसंघासाठीच ५ कोटी आहे. गटाराच्या शर्यतीत खासदार आमदाराच्या सहापट मागे राहणार, हे गणित शाळकरी मुलालाही सुटेल. शिवाय देवस्थानाच्या जागेवर खासदार निधी खर्च करायला नियमांनी मनाई आहे, पण निवेदनातला सभामंडप बहुधा तिथेच हवा असतो. तरीही कुठलाच उमेदवार ‘हे माझे काम नव्हे, माझे काम वेगळे आहे’ असे म्हणत नाही. म्हणाला, तर समोरचा उमेदवार संध्याकाळपर्यंत त्याच गावात पोहोचतो.

असे का होते, याचे एक उत्तर मतदारसंघाच्या आकारात आहे. २०२४ मध्ये राज्यातल्या ४८ जागांसाठी सव्वानऊ कोटींच्या घरात मतदार होते, म्हणजे एका उमेदवारासमोर सुमारे १९ लाख. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर उघड प्रचाराला जेमतेम दोन आठवडे मिळतात. रोज पंधरा गावे केली तरी दोनशेच्या थोडे पुढे आकडा जातो. एवढ्यात हजारभर गावे कशी होणार? त्यामुळे उमेदवाराला ‘यंत्रणा’ लागते. आमदार, माजी आमदार, कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे सभापती, सरपंच आणि सगळ्यात खाली बूथ सांभाळणारी पोरे अशी ही साखळी. ‘आमदार मनापासून कामाला लागलेत का?’ हा कार्यकर्त्यांच्या तोंडचा प्रश्न मुद्द्यांवरच्या कुठल्याही चर्चेपेक्षा निकालाबद्दल जास्त सांगून जातो.

ही यंत्रणा फुकट राबत नाही. कुणाला पुढच्या विधानसभेला तिकीट हवे असते, कुणाला ठेका, कुणाला बदली, तर कुणाला प्रतिस्पर्ध्याचा पत्ता कट करून हवा असतो. निवडून आलेला खासदार मतदारांचे आभार मानायला निघतो तेव्हा त्याच्या डोक्यावर या साखळीचे देणे असते आणि पाच वर्षांतला त्याचा बराच वेळ ते फेडण्यात जातो. मतदाराचे देणे त्यामानाने स्वस्तात फिटते. लग्नाला हजेरी, दहाव्याला दोन शब्द आणि दवाखान्यात दाखल करण्यासाठी एक फोन.

पैशाचे गणितही इथेच येते. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. १९ लाख मतदारांना भागले, तर माणशी पाच रुपये. टपरीवरचा चहाही त्यात बसत नाही. निवडणूक कार्यालय चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, वाजंत्री यांचे दर ठरवून देते, पथके चित्रीकरण करतात, निरीक्षक नोंदवह्या ताडून पाहतात. ही मेहनत प्रामाणिक असेल. पण कायदा जिथे बघतो तिथे खर्चाचा छोटासा भागच असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमानुसार हिशेब सुरू होतो उमेदवारी अर्जाच्या दिवसापासून. त्याआधी दोन वर्षे इच्छुकांचे ‘खेळ पैठणीचा’ चालू असतात. हळदीकुंकवाची वाणे वाटली जातात, देवदर्शनाच्या बस सुटतात, मोतीबिंदूची शिबिरे भरतात, क्रिकेटचे चषक होतात, मंडळांना वर्गण्या जातात. लोकसभेचा खरा स्थानिक प्रचार तो असतो आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

कायद्यातल्या पळवाटाही जुन्या आहेत. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या १९७४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरला. त्याच वर्षी कायदा बदलून तो खर्च वगळण्यात आला. २००३ मध्ये ही वाट बरीचशी बुजवली गेली, पण स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च मोकळा राहिला आणि पक्षाच्या एकूण खर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. म्हणजे सरपंचाच्या घरचे पोहे मोजायचे आणि हेलिकॉप्टर सोडून द्यायचे. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात २००९ च्या निवडणुकीत आपला ८ कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले. तेव्हाची मर्यादा २५ लाखांची होती. निवडणूक आयोगाने नोटीस काढली, थोडा गदारोळ झाला आणि २०१४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्या बोलण्याने कोणत्याही पक्षातल्या कार्यकर्त्याला आश्चर्य वाटले नव्हते. आश्चर्य होते ते एवढेच, की एका नेत्याने ते उघड बोलून दाखवले.

हे झाले खालच्या टोकाचे. वरच्या टोकाला निवडणूक नेत्याची आणि चिन्हाची होते. दिंडोरीत २०२४ ला काय झाले ते आठवा. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे एका पक्षाचे चिन्ह होते. यंत्रावर एका अपक्षाचेही वाद्याचेच, पिपाणीचे चिन्ह होते, यादीत त्या चिन्हाचेही नाव तुतारी असेच होते, आणि अपक्षाचे आडनावही पक्षाच्या उमेदवाराचेच. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. साताऱ्यात याच चिन्हावरच्या अपक्षाची मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त भरली. ‘पिपाणीने घात केला’ म्हणून वाद झाला आणि चिन्हाच्या गोंधळाची तक्रार रास्तच होती. पण एवढे मतदार वाद्य शोधत मतदान यंत्रापर्यंत गेले आणि उमेदवाराचा चेहरा-नाव त्यांच्या मनावर ठसलेले नव्हते, ही बाब प्रचार चालवणाऱ्या सगळ्याच पक्षांनी अस्वस्थ व्हावे अशी आहे.

यातून संसदेत काय जाते? पक्षांतरबंदी कायद्यामुळे १९८५ पासून व्हिप मोडून मत देणाऱ्याची खासदारकी धोक्यात येते, हे खरे. पण प्रश्न विचारायला, शून्य प्रहरात विषय काढायला, खासगी विधेयक मांडायला, स्थायी समितीत अधिकाऱ्यांना कोंडीत पकडायला व्हिप लागत नाही. तिथे खासदाराची अक्कल आणि तयारी लागते, आणि प्रचारात या दोहोंची कसोटी कधीच लागत नाही. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत सभागृहाच्या बैठका झाल्या २७४, म्हणजे वर्षाला सरासरी ५५. पूर्ण मुदत भरलेल्या लोकसभांतला हा नीचांक. सगळ्या मुदतीत उपाध्यक्षही निवडला गेला नाही. २०२४ च्या प्रचारात कुठल्या पारावर कुणी मावळत्या खासदाराला याचा जाब विचारला? संसद कमी भरली तर मतदारसंघात एकही मत हलत नाही, हे सत्ताधाऱ्यांना कळून चुकले आहे. आज जे सत्तेत आहेत त्यांना कळले आहे, उद्या येतील त्यांनाही कळेल. धोका आहे तो इथे.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. लोकांना संसदेचे काय पडले आहे, त्यांना पाणी आणि रस्ता हवा, बाकी पुस्तकी गप्पा. कोकणाचा इतिहास या आक्षेपाला दुजोरा देत नाही. राजापूर हा तेव्हाचा गरीब, मुंबईच्या मनिऑर्डरवर जगणारा मतदारसंघ. त्याने बॅ. नाथ पै यांना तीनदा लोकसभेत पाठवले, आणि त्यांनी १९६७ च्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून खासगी विधेयक मांडले. त्यानंतर त्याच मतदारसंघाने मधु दंडवते यांना पाच वेळा निवडून दिले. दंडवत्यांनी आयुष्यभर लावून धरलेला कोकण रेल्वेचा प्रश्न स्थानिक होता आणि तो सुटण्याची जागा संसद आणि केंद्राचे अंदाजपत्रक हीच होती. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले तेव्हा ते अर्थमंत्री होते. जुने दिवस सोवळे होते असे यातून सिद्ध होत नाही. जात आणि पैसा तेव्हाही चालत होते आणि १९९१ मध्ये खुद्द दंडवतेही पडले. पण स्थानिक प्रश्न आणि संसद यांना जोडून दाखवणारा उमेदवार लोकांना कळतो, एवढे नक्की.

आणि ही समज संपलेली नाही. पिपाणीला लाखभर मते देणाऱ्या त्याच दिंडोरीत आणि शेजारच्या नाशिकमध्ये २०२४ ला कांदा उत्पादक उमेदवारांच्या गाड्यांपुढे उभे राहून निर्यातबंदीचा जाब विचारत होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने घातलेली ती बंदी मतदानाच्या तोंडावर, मेच्या सुरुवातीला उठली, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्काच्या अटीसह. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवाराचा पराभव झाला. कारणे आणखीही होती. पण कांद्याचा प्रश्न नेमक्या माणसाला विचारलेला नेमका प्रश्न होता. निर्यातीचे धोरण केंद्र ठरवते, ग्रामपंचायत नव्हे. चाळीत कांदा सडताना पाहणाऱ्या शेतकऱ्याला अधिकारांची ही वाटणी घटनेच्या सातव्या अनुसूचीचे नाव न ऐकताही पक्की ठाऊक होती.

तेव्हा सुधारणेची सुरुवात मतदाराला शहाणे करण्यापासून व्हायला नको. त्याच्या आणि उमेदवाराच्या गाठीची रीत बदलायला हवी. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका वेळेवर झाल्या, तर गटाराची तक्रार आपोआप योग्य दारात जाईल. पक्षांच्या खर्चाला मर्यादा आणि अर्ज भरण्याआधीच्या खर्चाला हिशेब, या दोन दुरुस्त्या संसदेलाच कराव्या लागतील. त्यासाठीचा दबाव मात्र मतदारसंघातून यायला हवा. तिसरी गोष्ट आपल्याच हातात आहे. तालुक्याचे वाचनालय, वकील संघ, पत्रकार संघ, व्यापारी संघटना, शेतकऱ्यांचे गट यांनी सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलवावे, हार-तुरे बाजूला ठेवावेत आणि प्रश्न विचारावेत. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी.

प्रश्न अवघड नकोत. मावळत्या खासदाराला: किती प्रश्न विचारले, कोणत्या स्थायी समितीवर होता, आपल्या जिल्ह्याला झळ पोहोचवणाऱ्या विधेयकावर काय बोलला? हे सगळे लोकसभेच्या संकेतस्थळावर नोंदलेले असते, पडताळता येते. नव्या उमेदवाराला: आपल्या पिकाच्या, आपल्या कारखान्याच्या, आपल्या रेल्वेमार्गाच्या बाबतीत केंद्राचे कोणते धोरण बदलायला हवे आणि पक्षाची भूमिका वेगळी असेल तर तुम्ही पक्षात कुठे, काय बोलणार? उत्तर नसेल तर तेही गावाला कळू द्यावे.

२०२९ च्या निवडणुकीचे ‘खेळ पैठणीचा’ लवकरच सुरू होतील. पैठणी घ्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ती देणाऱ्याला संसदेबद्दल एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय मांडवातून उठू नये.