सूत्र आपल्या हद्दीत बरं!

कुठलंही सूत्र कोडमध्ये टाका, ते काहीतरी उत्तर देतंच. खरा घोटाळा इथेच आहे!

जड खनिज तेलाचंच घ्या ना. तेल किती जड ते एपीआय अंशांत सांगतात. पाण्याचा आकडा १०. आकडा जितका कमी तितकं तेल जड. कॅनडात अल्बर्टामधलं अथाबास्काचं बिट्युमेन साधारण ८. ते वाहील की नाही हे व्हिस्कॉसिटीवर ठरतं. ती काढायला बेग्ज आणि रॉबिन्सन यांचं १९७५ सालचं सूत्र प्रसिद्ध आहे. एपीआय आणि तापमान द्या, झालं काम.

पण ते सूत्र बसवलंय १६ ते ५८ एपीआयच्या तेलांवर, आणि तेही २१ अंश सेल्सिअसच्या वर. त्यात ८ घालून बघा. २१ अंशांना उत्तर येतं सुमारे २ लाख सेंटीपॉइज, आणि १० अंशांना थेट ७ कोटी! (पाण्याची असते साधारण १.) तेल थंडीत घट्ट होतं हे कबूल, पण अकरा अंशांत साडेतीनशे पट? काहीतरीच काय!

आणि वाफ किती सोडायची, पंप केवढा घ्यायचा, हे ठरवताना हाच आकडा लागतो.

माझं म्हणणं साधं आहे. सूत्राची हद्द पुस्तकाच्या तळटीपेत नको, कोडमध्ये हवी. इनपुट हद्दीबाहेरचं असेल तर प्रोग्रॅमने सरळ सांगावं, "आधी लॅबमध्ये मोजून आणा." मोजलेले दोन-तीन आकडे मिळाले की सूत्र त्यांच्याशी जुळवून घेता येतं. गप्प बसणारा प्रोग्रॅम परवडला, ठोकून देणारा नको. पटतंय का?