ऐकण्याची जागा : जे. पी. नगरावरून काही विचार

भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात आपण भाषांतरे मोजतो, आवृत्त्यांचे पाठभेद तपासतो, प्रभावांच्या वंशावळी आखतो. दोन भाषा ज्या छपराखाली बसून एकमेकींना प्रत्यक्ष ऐकतात, त्या छपराची नोंद मात्र आपल्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. नाट्यगृह म्हणजे साहित्याबाहेरची गोष्ट, महापालिकेची किंवा फार तर हौशी मंडळींची बाब, असा एक अलिखित संकेत आपण पाळत आलो आहोत. बंगळूरच्या जे. पी. नगरात घालविलेल्या काही संध्याकाळींनंतर हा संकेत मला टिकाऊ वाटेनासा झाला.

जे. पी. नगर ही जयप्रकाश नारायणांच्या नावाची, ‘फेज’ अशा रुक्ष क्रमांकांनी वाढत गेलेली दक्षिण बंगळूरमधील वसाहत. तिच्या दुसऱ्या फेजमध्ये २००४ साली ‘रंगशंकरा’ उभे राहिले. अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांचे १९९० मध्ये अपघाती निधन झाले. त्यांचे स्वप्न अरुंधती नाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यासाच्या मार्फत, लोकवर्गणी व देणग्या जमवून साकार केले. सुमारे सव्वातीनशे आसने, प्रेक्षकांत पुढे आलेला रंगमंच, एक उपाहारगृह, पुस्तकांचे छोटे दुकान. मनोरंजन-संकुलाला लागणारे सारे काही येथे आहे. मात्र त्याचा क्रम उलटा आहे. उपाहारगृहातील साबुदाणा वडा नामांकित खरा (मराठी माणसाला तेथे परकेपणा वाटत नाही, त्याचे निम्मे श्रेय या वड्याला द्यावे लागेल). पण ठरलेली वेळ झाली की दार बंद होते आणि उशिरा येणारा, तो कोणीही असो, बाहेर राहतो. सोमवार सोडून रोज प्रयोग, आणि ते अनेक भाषांतील.

याच्या उलट जातीची संकुलेही उपनगरांतून वाढत आहेत. तेथे ‘जिवंत संगीत’ हे आकर्षण म्हणून मध्यभागी मांडलेले असते, पण मेजांवरील संभाषण त्याच्यासाठी थांबत नाही. गायक गातो तेव्हा पेल्यांचा किणकिणाट त्याची साथ करतो. यात नीतीचा प्रश्न नाही. मराठी रंगभूमीही सोवळ्यात वाढलेली नाही. प्रश्न एवढाच की जेथे ऐकणे ऐच्छिक होते, तेथे अनोळखी भाषेला वाव उरत नाही. परकी भाषा समजून घ्यायला शांतता लागते. ओळखीच्या चालीला ती लागत नाही. म्हणून अशा ठिकाणी ओळखीचेच वाजत राहते.

परक्या भाषेला मिळालेल्या या शांततेचे मराठी रंगभूमीवर केवढे ऋण आहे! १८४२ साली उत्तर कानड्यातील, होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीस आली. तिचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करावयास सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले. या प्रभावाच्या व्याप्तीविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ते असोत. सांगलीच्या त्या प्रेक्षकांत कन्नड जाणणारे कितीही असोत वा नसोत, भाव्यांच्या नाटकात कथा सूत्रधाराच्या गाण्यातून पुढे सरकते, एवढे निर्विवाद आहे. पुढे १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांत कर्नाटकी चाली आल्या हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्या कोठल्या कानांतून आल्या हे विचारीत नाही. उलट दिशेचा प्रवास आपण त्याहून कमी आठवतो. मराठी नाटकमंडळ्या धारवाड-हुबळी-गदग भागांत इतक्या लोकप्रिय झाल्या की कन्नड भाषेला स्वतःची रंगभूमी हवी, या ईर्षेने शांतकवींसारखे लेखक पुढे आले. प्रभाव हा शब्द येथे तोकडा पडतो. यात ऐकणे आहे, हेवा आहे, आणि चाल उचलून तिच्यावर आपले शब्द बसविणे आहे.

शंकर नाग यांचेही मूळ त्याच होन्नावर परिसरातले. कर्कीच्या मंडळींनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी तेथला हा तरुण मुंबईत येऊन मराठी रंगभूमीत रमला, आणि पुढे कन्नडमध्ये गेला. गिरीश कर्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ (१९७८) या चित्रपटात त्याने प्रमुख भूमिका केली. त्याचे संगीत होते ‘घाशीराम कोतवाल’चे संगीतकार भास्कर चंदावरकर यांचे. अरुंधती नागही मुंबईत मराठी, गुजराती, हिंदी नाटकांतून काम करून बंगळूरला गेल्या. म्हणजे जे. पी. नगरातील ती वास्तू सांगलीहून निघालेल्या वाटेवरचाच एक मुक्काम आहे. आपल्या अभ्यासक्रमात कर्नाडांच्या नाटकांची भाषांतरे आहेत. ही वाट नाही.

त्याच जे. पी. नगराच्या सातव्या फेजमध्ये २०१९ पासून ‘इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स’ हे संगीताचे संग्रहालय आहे. त्याची दालने सुबक, ध्वनींची बाग मुलांना वेड लावणारी. प्रयोगासाठीही तेथे जागा आहे. तरीही दालनांतून हिंडताना मला वाटत राहिले की कानाला यंत्र लावून प्रत्येकाने वेगळे ऐकणे आणि तीनशे जणांनी एकदम श्वास रोखणे यांत ज्ञानाचाच फरक आहे. पहिल्याने माहिती मिळते. शेजारची कन्नड बाई कोणत्या जागी हसली आणि आपण का हसलो नाही, हे दुसऱ्यानेच कळते, आणि तौलनिक अभ्यासाला हेच तर हवे असते.

आपल्याकडे, पुण्यात, १९६८ साली उभ्या राहिलेल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव निघाला तेव्हा चर्चा झाली ती प्रेक्षागृहांची संख्या, वाहनतळ आणि व्यापारी जागा यांची. नटमंडळींनी विरोध केला, काहींनी पाठिंबा दिला. विद्यापीठांतील साहित्यविभाग गप्प होते. त्यांना हा आपला विषय वाटला नसावा. नव्या संकुलात कोणत्या भाषेची नाटके होणार, दार कधी बंद होणार, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण वापरलाच नाही.

माझी सूचना साधी आहे. आपल्या विभागांनी एक संध्याकाळ ठरवावी : किर्लोस्करी नाट्यपदे आणि त्यांच्याशी चालीचे नाते असलेली कन्नड रंगगीते, एकापाठोपाठ एक, जे. पी. नगरात आणि मग सांगलीत. भाषांतराची पत्रके वाटू नयेत. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया विद्यार्थ्यांनी टिपाव्यात, आणि त्या टिपणांना शोधनिबंधाइतकेच गुण असावेत. वेळेवर यावे मात्र लागेल. तेथील दार विभागप्रमुखांसाठीही उघडत नाही.