गोधडीवरचं मांजर

गोधडी हे एकटीनं शिवायचं काम नव्हे. एकटीला शिवता येत नाही असं नाही. पण जुन्या साड्यांचे थर जमिनीवर पसरायचे, सुरकुत्या मोडायच्या, कडा ताणून धरायच्या, तर समोर दुसरं कुणीतरी बसलेलं हवं. म्हणूनच उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर, माजघरात, चाळीच्या गॅलरीत चार बायका जमून गोधड्या आणि वाकळा शिवत आल्या. एकीच्या नातवाचं दुपटं, दुसरीच्या लेकीची वाकळ आणि सगळ्यांच्या सासवा, अशा तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत मार्गी लागत.

आणि कापड पसरलं रे पसरलं, की मांजर येऊन बरोबर मध्यभागी बसे.

हल्ली अशा बैठका सोसायट्यांच्या हॉलमध्ये भरू लागल्या आहेत. आम्हीही दर बुधवारी दुपारी आठ-दहा जणी आपापली गाठोडी घेऊन जमतो. सोसायटीतली दोन मांजरं न बोलावता येतात. एका काकूंचा म्हातारा कुत्राही येतो आणि गोधडीच्या कडेवर आडवा होतो. त्या बाजूनं कापड सरकत नाही, एवढा त्याचा उपयोग.

मध्यंतरी आमच्यातल्याच एका मैत्रिणीनं सूचना मांडली, की जनावरं बाहेर ठेवावीत. केस टाक्यांत अडकतात, पिसवांची भीती असते, आणि आता बाहेरून ऑर्डरी येऊ लागल्यात. गिऱ्हाईक काय म्हणेल? सूचना वावगी नव्हती. कुणाला दमा असतो, कुणाला मांजराची अॅलर्जी असते. विकायच्या गोधडीपासून मांजर लांब ठेवलंच पाहिजे, यात वादच नाही. पण तेवढ्यासाठी त्यांना बैठकीतून कायमचं हाकलावं, हे मला पटेना. ऑर्डर आली म्हणून घरच्या गोधडीलाही दुकानाचे नियम का लावायचे?

गोधडीचा जीव वापरलेल्या कापडात असतो. सुती लुगडं वर्षानुवर्षं धुऊन धुऊन मऊसूत झालं, की मगच ते गोधडीच्या लायकीचं होतं. थरांमध्ये हवा अडकते, ती ऊब धरते. धावदोरा कडेपासून चौकोनी फेऱ्यांनी आत आत नेत मध्यावर आणला, की थर जागचे हलत नाहीत. नव्या कापडाचे तुकडे रंग जुळवून कापले आणि शिवले, तर दिसायला देखणं काम होतं. अंगावर घेतलं की मात्र परकं वाटतं. पॉलिएस्टरच्या साडीचं तर बोलायलाच नको. ती घाम शोषत नाही आणि टाका घालताना हातातून निसटते. आजीचं लुगडं संपल्यावर पुढच्या गोधड्या कशाच्या करायच्या, हा आमच्या बैठकीतला खरा अवघड प्रश्न आहे.

जुनं कापड जपायची ही रीत केवळ आपलीच नाही. गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात राहतात. त्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांची 'कवंडी' शिवतात. त्याही कडेपासून आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना चिंध्यांच्या घड्यांची 'फुलं' लावतात. फुलांवाचून कवंडी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. तिकडे अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. या वस्तीतल्या गोधड्यांचं २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलं. पण त्या बाईंनी सुई हातात घेतली ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे. माणूस गेलं, त्याचे कपडे तरी अंगावर असावेत, एवढंच.

मांजराला हे आपल्याआधी कळतं. साधारण तीस ते अडतीस अंश तापमानात त्याच्या शरीराला सर्वांत आराम असतो. म्हणजे आपल्याला जिथं उकडतं तिथं ते सुखात असतं. शिवाय वापरलेल्या कापडाला घरच्या माणसांचा वास असतो. मांजर गाल घासतं तेव्हा गालांतल्या ग्रंथींमधून त्यात आपलाही वास मिसळतं. नव्या कोऱ्या कापडाच्या गोधडीकडे आमचं एकही मांजर फारसं फिरकत नाही. याला मी तज्ज्ञाचं मत मानते.

खरी काळजी आहे ती वेगळीच, आणि त्या सूचनेमुळं तिच्यावर बोलणं तरी झालं. मांजरापासून गोधडीला जेवढा धोका, त्याहून अधिक गोधडीपासून मांजराला आहे. त्याच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की त्याला थुंकता येत नाही, ते गिळतच जातं. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलं आणि उरलेला आतड्यात उतरला, तर आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि चिरलं जाऊ शकतं. दोऱ्याला सुई असेल तर विचारूच नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. ट्रंकेतल्या गोधड्यांत आपण सर्रास टाकतो त्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्याही मांजराला आणि कुत्र्याला विषारी असतात. गोधडी कडक उन्हात घालावी, नीट वाळवून ठेवावी, अधूनमधून पुन्हा ऊन दाखवावं. कष्ट थोडे जास्त पडतात खरे.

शेवटी ठरलं ते असं. ऑर्डरीचं काम सोमवारी, हॉलचं दार लावून. बुधवार घरच्या गोधड्यांचा, त्या दिवशी सगळ्यांना मुभा. उठण्याआधी सुया मोजायच्या, दोऱ्याचा एकही तुकडा जमिनीवर ठेवायचा नाही. सूचना मांडणारी मैत्रीण पुढच्या बुधवारी घट्ट झाकणाचा बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. रिळं आता त्यात असतात.