उन्हाचा हिशेब

फराळाला माणसे जमली की, लग्नाला दोन वर्षे झालेल्या सुनेला कोणीतरी विचारतेच, "काय, यंदा गोड बातमी?" पूर्वी यावर पत्रिका बाहेर निघे, आता रक्ताचा रिपोर्ट निघतो. त्यात ‘ड’ जीवनसत्त्व कमी दिसले की सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांना कारण सापडते : "ती उन्हात जातच नाही ना!"

ऊन आणि मातृत्व यांचे नाते आहे खरे. काश्मीरात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली एक पुस्तकच लिहिले. पडद्यात, अंधाऱ्या घरांत दिवस काढणाऱ्या बायकांची हाडे मऊ पडतात, कटिर वेडेवाकडे होते आणि बाळंतपण जिवावर बेतते, असे त्यांनी दाखवून दिले. पण ती कथा बाळंतपणाची, दिवस राहण्याची नव्हे.

दिवस राहण्याबाबत शास्त्र सावध आहे. अंडाशय व गर्भाशय यांच्या पेशी हे जीवनसत्त्व ओळखतात. पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांत ते कमी आढळते. परंतु आपल्या शहरांत ते कमी नाही कुणाचे? दोन मुलांच्या आईचे तपासा, नाहीतर दिवसभर वर्गात खडू झिजवणाऱ्या आमच्यासारख्याचे! इटलीत टेस्ट-ट्यूब उपचार घेणाऱ्या ६३० स्त्रियांवर प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. सर्वांचे ‘ड’ कमीच होते. काहींना सहा लाख एककांची एकच मोठी मात्रा दिली, बाकीच्यांना नुसते लुटुपुटीचे औषध. गर्भ राहिला तो पहिल्या गटात ३७ टक्के स्त्रियांना, दुसऱ्या गटात ४० टक्के. म्हणजे औषधाने पारडे हलले नाही.

कमतरता भरून काढावी, हाडांसाठी तरी काढावीच. मात्र साठ हजारांची पुडी डॉक्टरांना विचारून घ्यावी. परस्पर महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तात कॅल्शियम साचून मूत्रपिंडे दुखावतात. सकाळचे कोवळे ऊन सुखाचे खरे, पण कामाचे नव्हे. सावली आपल्याहून आखूड पडते तेव्हाचे ऊन हवे, आणि तेही खिडकीच्या काचेतून नको.

राहिले ते सुनेच्या नवऱ्याचे. ‘वांझ’ हा शब्द आपल्या भाषेने बाईच्याच माथी मारला. पुरुषासाठी तसा शब्द घराघरांत कधी रुळला नाही. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत दोष थोडाफार किंवा सगळा पुरुषाकडे असतो, आणि त्याची पहिली तपासणी तिच्या तपासण्यांहून पुष्कळ सोपी, बिनदुखापतीची. वर्षभर वाट पाहून, पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिन्यांनी, दोघांनी बरोबर जावे. पण चिरंजीव म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" आणि सुनेच्या हाती आणखी एक पुडी येते.