नऊ नंबरची जागा

राजकारणावरचे वाद निवडणुकीनंतर थंडावतात, भाज्यांच्या भावावरचे वाद पावसाळ्यानंतर ओसरतात. पण खेळावरच्या वादाला ऋतू नाही. त्यातही क्रिकेटचा वाद हा घरचाच म्हणायचा. फुटबॉलचा वाद आमच्याकडे उशिरा आला आणि पाहुणा म्हणून आलेला माणूस जसा हळूहळू दिवाणखान्यातली चांगली खुर्ची बळकावतो, तसा तो आता ठाण मांडून बसला आहे. आमच्या इमारतीच्या गच्चीवर रात्री जेवणे आटोपल्यावर जे मंडळ भरते, त्याच्यापुढे गेली कित्येक वर्षे एकच प्रश्न पडून आहे. सुनील छेत्री हा खरा सेंटर फॉरवर्ड होता का?

आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसाने देशासाठी ९५ गोल केले त्याच्याबद्दल हा प्रश्न निघतोच कसा? तिसऱ्या मजल्यावरचे गोवेकर हेच म्हणतात. ते मूळचे मडगावचे. फुटबॉल त्यांच्या रक्तात आहे आणि माशांइतकाच तो त्यांना रोज लागतो. त्यांचे गणित सरळ आहे. "फॉरवर्डाचे काम गोल करणे. त्याने केले. विषय संपला."

पण पहिल्या मजल्यावरच्या काकांपुढे कोणताही विषय इतक्या लवकर संपत नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या मनात व्याजासकट जमा आहे. ते म्हणतात, "गोल किती केले ते मला नका सांगू. कोणाच्या शेजारी उभा राहून केले, ते सांगा."

हे काकांचे म्हणणे थोडे उलगडून सांगायला हवे, कारण आमच्या घरातल्या बायकांनी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा त्यांना वाटले, लग्नातल्या पंगतीचीच चर्चा चालली आहे. तसे पाहिले तर ती पंगतच आहे. गोलरक्षक सोडून उरलेले दहा जण मैदानावर कसे बसवायचे, याचे हे आकडे. ४-४-२ म्हटले की मागे चार, मध्ये चार आणि पुढे दोघे. ४-३-३ म्हटले की पुढे तिघे, त्यांतला एक मध्यभागी आणि दोघे कडेला. ४-२-३-१ म्हटले की सगळ्यांच्या पुढे एकटा एक. हा जो एकटा, त्याचे काम मोठे कष्टाचे. गोलकडे पाठ करून उभे राहायचे, मागून धक्के खायचे, उंच आलेला चेंडू छातीवर झेलायचा आणि आपली माणसे येईपर्यंत तो सांभाळायचा. म्हणून या जागेसाठी धिप्पाड गडी शोधतात. छेत्री साडेपाच फुटांच्या थोडाच वर. काकांच्या मते तो एकट्याचा माणूस नव्हताच. तो जोडीचा माणूस. शेजारी कोणी तरी बचावाला गुंतवून ठेवावे आणि याने मधल्या फटीतून शिरावे.

काकांपाशी पुरावाही आहे. ऑगस्ट २००८ मध्ये दिल्लीला ताजिकिस्तानला ४-१ ने हरवून भारताने एएफसी चॅलेंज कप जिंकला. छेत्रीचे तीन गोल, आणि जोडीला बायचुंग भुतिया. जून २०१८ मध्ये आमच्या अंधेरीच्या मैदानावर चार देशांची स्पर्धा झाली. पहिल्या सामन्याला जेमतेम अडीच हजार माणसे. त्यात याने तीन गोल केले आणि दुसऱ्या दिवशी हात जोडून लोकांना विनंती केली की मैदानावर या. पुढच्या सामन्याला, भर पावसात, मैदान भरले. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. त्या स्पर्धेत त्याने आठ गोल केले, आणि तेव्हा जोडीला मिझोरमचा जेजे लालपेखलुआ होता. "बघा," काका म्हणतात, "दोन्ही वेळा शेजारी कोणी तरी आहेच."

"आणि बंगळुरूला?" गोवेकर विचारतात. तिथे तर गंमतच आहे. २०१७-१८ च्या हंगामात बंगळुरूच्या संघात मधली जागा व्हेनेझुएलाच्या मिकूकडे होती आणि छेत्री डाव्या कडेला. मिकूने १५ गोल केले, छेत्रीने १४. म्हणजे क्लबात कडेला आणि देशासाठी मध्यभागी, अशी दोन घरे हा गडी सांभाळत होता. पुढे इगोर श्टिमाच यांच्या कारकीर्दीत बऱ्याचदा तो एकटाच पुढे उभा राहिला. गोल तेव्हाही झाले. पण काका बोट वर करून सांगतात, "झाले. पण कष्टाने झाले."

एकदा आमची ही कॉफीचा ट्रे घेऊन गच्चीवर आली असताना वाद याच मुक्कामावर होता. तिने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाली, "अहो, पंगतीत बसलेल्याचे एवढे बोलता, वाढप्यांचे कोणीच कसे बोलत नाही?" मंडळ क्षणभर गप्प झाले. पुढचा माणूस बरा की वाईट, हे निम्मे मागच्या दहा जणांवर ठरते. चेंडूच आला नाही तर धिप्पाड गडीही उपाशीच उठायचा.

जागा आणि माणूस यांचे नाते काही आजचे नाही. आपल्या फुटबॉलच्या दोन सर्वांत मोठ्या आठवणी याच प्रश्नाच्या आहेत. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. मूळ गोव्याचा हा गडी मुंबईकडून खेळायचा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोल करणारा तो पहिला आशियाई, आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचे नाव बरोबरीने पहिले होते. नेव्हिलचे नाव निघाले की गोवेकर आणि काका यांचे एकमत होते; तेवढा वेळ गच्चीवर शांतता असते.

दुसरी आठवण जकार्ताची, १९६२ च्या आशियाई खेळांची. जर्नेल सिंग हा मागे उभा राहणारा पहाडासारखा बचावपटू. साखळी सामन्यात त्याच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. डोक्याने चेंडू परतवणे हे तर मागच्या माणसाचे रोजचे काम. आता करायचे काय? प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बाहेर बसवले नाही. त्यांनी त्याला चक्क सेंटर फॉरवर्ड केले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात, ज्या दक्षिण कोरियाने साखळीत आपल्याला २-० ने हरवले होते, त्यांना आपण २-१ ने हरवले. एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा, टाके पडलेल्या डोक्याच्या जर्नेल सिंगचा. आशियाई सुवर्णपदक आपल्याला त्यानंतर आजवर मिळालेले नाही.

"म्हणजे," मी म्हटले, "जागेला माणूस शोधायचा की माणसाला जागा, हे रहीमसाहेबांनी साठाहून अधिक वर्षांपूर्वीच सोडवून ठेवले होते!"

यावर सगळे हसले. एक जण मात्र हसला नाही. माझा चौदा वर्षांचा भाचा. तो सुट्टीला आला की या मंडळात श्रोता म्हणून बसतो. शाळेच्या संघात तो नऊ नंबरचा सदरा घालायचा. त्या वर्षी संघात एक उंच मुलगा आला, तेव्हा सरांनी नऊ नंबर त्याला दिला आणि आमच्या स्वारीला डाव्या कडेला धाडले. तेव्हापासून त्याने आईजवळ खेळ सोडण्याची भाषा चालवली होती. बहिणीला ते ऐकून आनंदच झाला होता, कारण पुढचे वर्ष नववीचे.

तो म्हणाला, "काका, मी एक विचारू? इंडियन सुपर लीग २०१४ ला सुरू झाली. २०२४-२५ पर्यंत अकरा हंगाम झाले. दर हंगामात सगळ्यांत जास्त गोल करणाऱ्याला गोल्डन बूट देतात. त्यात भारतीय किती असतील?"

काकांनी अंदाज केला, तीन. गोवेकरांनी दोन सांगितले.

"एकही नाही," भाचा म्हणाला. "सुरुवातीला एका संघातून एका वेळी सहा परदेशी खेळायचे, मग पाच झाले, २०२१ पासून चार. कमी झाले, पण नऊ नंबरला बहुतेक परदेशीच. आपली मुलं कडेला. मग तुम्ही म्हणता, आपल्याकडे सेंटर फॉरवर्ड तयार का होत नाही!"

वयाला न शोभेल इतक्या कडवटपणाने तो हे बोलला. आम्हां तिघांनाही कळले, की हा लीगबद्दल निम्मे बोलतो आहे आणि स्वतःबद्दल निम्मे.

क्लबांचीही बाजू आहे, ती काकांनी मांडली. प्रशिक्षकाची नोकरी निकालावर असते. तयार माणूस मिळत असताना तो कच्चा माणूस का उभा करील? शिवाय मिकूसारख्याच्या शेजारी खेळून छेत्रीचे भलेच झाले. हे खरे आहे. पण याचे बिल कोठे तरी येतेच. छेत्री ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले. त्याच हंगामात लीगमध्ये भारतीयांत सर्वांत जास्त गोल त्याचेच होते, १४. हे त्याचे कौतुक आहे आणि आपली नामुष्कीही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकाचा दरवाजा बंद झाला. त्या रात्री गोवेकर गच्चीवर आलेच नाहीत.

मला या वादाचे मर्म वेगळेच वाटते. इतर जागा शिकवता येतात. पुढची जागा चुकून चुकूनच शिकावी लागते. दहा फटके बाहेर मारावेत तेव्हा अकरावा कसा मारायचा ते पायाला कळते. परदेशातून येणारा गडी ते दहा फटके आपल्या गावी मारून येतो. आपण त्याचा अकरावा तेवढा पाहतो आणि टाळ्या वाजवतो. आपल्या मुलाला मात्र पहिल्या चुकीलाच आपण बाजूला घेतो. मैदानावर घेतो आणि, खोटे कशाला बोला, घरातही घेतो. गणितात दोन मार्क गेले की शिकवणी बदलणारी माणसे आपण!

मी भाच्याला एवढेच सांगितले की सरांना संघ निवडायचा हक्क आहे आणि डाव्या कडेला उभे राहून चौदा गोल करता येतात, हे तूच आम्हांला ऐकवलेल्या हंगामांपैकी एकात घडले आहे. तिथे मन लावून खेळ. पण नऊ नंबरही सोडू नकोस. आणि बहिणीला सांगितले, की नववीला वर्षभर रोज अभ्यास करायचा असतो हे मान्य. पण रविवारची संध्याकाळ नववीतही येते.

पुढच्या रविवारी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गोवेकरांनी दोन विटा ठेवून गोल केला. काका गुडघ्याला पट्टा बांधून गोलरक्षक झाले. भाच्याने वीस फटके मारले, त्यांतले पाच आत गेले. सहावा पहिल्या मजल्यावरच्या कुंडीत गेला. ती कुंडी काकांचीच होती. काकांनी वर पाहिले, खाली पाहिले आणि म्हणाले, "चालेल. अजून मार."

वाचकहो, तुमच्याही घरात एखादा नऊ नंबर असेल. फुटबॉलचा नसेल, पेटीचा असेल, चित्रांचा असेल. या दिवाळीत त्याला नवे कपडे द्यालच. जमले तर थोडे चुकायलाही द्या.