विमानप्रवास, आमवात आणि व्हीलचेअरची लाज

सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आज्या हल्ली आपल्या गावातही कमी नाहीत. त्यांपैकी काहींना जुना आमवात असतो, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. निघण्यापूर्वी त्या दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, इंजेक्शन कोणतं घेऊ?" फ्लूची लस दोन आठवडे आधी घ्यावी, हे त्यांना पटते. व्हीलचेअरचे नाव काढले की मात्र चेहरा उतरतो. "चार लोकांत तसं बसायचं?"

माझे मत स्पष्ट आहे. ही लाज सोडावी. मोठ्या विमानतळावर किलोमीटरभर चालणे होते, शिवाय तपासणीच्या रांगा वेगळ्याच. सुजलेल्या गुडघ्यांनी हे सारे केले, तर नातवंडाला मांडीवर घ्यायच्या वेळी आजीबाईच अंथरुणाला खिळतात. तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवावी.

दुसरी खोड याहून घातक. "परमुलखात त्रास नको" म्हणून आठ दिवस आधीच गोळ्या बंद! प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड बरेच दिवस चालू असताना एकाएकी थांबवले, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. घड्याळ बदलल्याने काही तास इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. पण गोंधळून ते रोज घेतले, तर रक्तातील पेशी घटतात, प्राणही जाऊ शकतो. ठरलेला वार डबीवर मराठीत ठळक लिहून ठेवा.

औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. सोबत त्यांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी. बायॉलॉजिक इंजेक्शने तर सामानाच्या बॅगेत कदापि टाकू नयेत. गोठली की निकामी होतात.

आमवाताच्या रुग्णांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि थांबे धरून हा प्रवास वीस-बावीस तासांचा. तासा-दीड तासाने उठून फेरी मारावी, बसल्या जागी घोटे फिरवावेत. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या भगिनींना सांगतो, उठावे लागते हेच बरे! झोपेची गोळी घेऊन मुटकुळे करून पडणे मात्र वाईट.

पोहोचल्यावर एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर प्रवासाचा शीण समजून तेल चोळत बसू नये. मुलाला उठवावे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, आणि थेट रुग्णालय गाठावे.